गोधडीतलं सभागृह

सेरंगून, सिंगापूर
९ मार्च २०१४

प्रिय मावशी,

गोधडी काल पोचली. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप म्हणजे तुझ्या मते तुकड्यातुकड्यांनी बोलणं, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. सही करण्यापलीकडे हाताला लिहायची सवय राहिलेली नाही. अक्षराला हसू नकोस.

गोधडी पांघरली नाही, भिंतीवर लावली. अनीश म्हणाला, "मावशींनी नव्या घरासाठी पांघरूण पाठवलं आणि तू ते टांगून ठेवलंस?" बारा वर्षं संसार करून त्याला माझा नाद माहीत आहे, तरी बोलतोच. शेल्फवर बालीच्या एका कुंभाराचा काळा रांजण आहे, चियांग माईच्या एका बाईने विणलेली टोपली आहे, हनोईच्या एका मुलीने लाखेवर काढलेलं चित्र आहे. जुनंपुराणं मी काही घेत नाही. आज हयात असलेल्या, मी जाऊन भेटू शकेन अशा माणसाच्याच हातचं घ्यायचं, हा माझा नियम. बँकेतले बाकीचे शेअर घेतात, मी हे घेते.

खरी गंमत पुढे आहे. वरच्या मजल्यावरची हुई लेंग चहाला आली होती. ती इथे आर्किटेक्चर शिकवते. गोधडीसमोर थांबली ती हलेचना. मी तिला सांगितलं, हे तीन बैल आहेत, गोठ्यातून तोंडं बाहेर काढून उभे. ती म्हणाली, "बैल कसले? धिस वन इज मॉस्को, लाह!" आणि फोनवर फोटो काढून दाखवला. ट्राम कामगारांचा जुना क्लब. भिंतीतून बाहेर आलेले तीन पांढरे ठोकळे. तुझ्या गोधडीवर आहेत तस्सेच.

तू मॉस्कोला शिकलीस एवढं आई सांगायची. पण सरकारी क्वार्टर्स बांधले, यापुढे तू कधी काही बोलली नाहीस. गोधडीवर मॉस्को कुठून आलं?

तुझी
वल्लरी


सोलापूर
२ एप्रिल २०१४

चि. वल्लरी,

अक्षर वाईट आहे, पत्र चांगलं आहे. बैलांचं वाचून दाखवलं तेव्हा नंदा पोट धरधरून हसली. नंदा शिवशरण माझ्या शेजारच्या चाळीत राहते. तुझ्या गोधडीतले निम्म्याहून जास्त टाके तिचे आहेत.

तुझ्या मैत्रिणीने बरोबर ओळखलं. तो रुसाकोव्ह क्लब. १९६८ साली शिष्यवृत्तीवर गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्या इमारतींबद्दल वर्गात फारसं कोणी बोलत नसे. १९२०च्या दशकातल्या त्या वेड्या माणसांचं सगळं मागे पडलं होतं, भिंतींचं प्लास्टर उडालं होतं. मी रविवारी ट्रामने हिंडून एकेक शोधून काढायची. दोन दंडगोल एकमेकांत घुसवून बांधलेलं एक घर, त्याला षट्कोनी खिडक्या. रेडिओचा एक मनोरा, लोखंडी जाळीचा, आरपार आभाळ दिसणारा. आणि हा क्लब. बर्फात उभी राहून मी बघत होते आणि एकच गोष्ट मनात घोळत होती, की हे राजासाठी नाही, देवासाठी नाही. ट्राम हाकणाऱ्या माणसाने संध्याकाळी येऊन नाटक बघावं म्हणून कोणीतरी इतका जीव ओतला आहे.

परत येऊन बांधकाम खात्यात लागले. तिथे काय बांधलं ते तुला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यावर दारात बसून गोधड्या शिवणाऱ्या या बायकांशी ओळख झाली. गिरण्या बंद पडल्यापासून त्या शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यांतून कातरण आणून शिवतात. निळं, खाकी, मरून, पांढरं. त्यांच्याकडे कापड होतं, माझ्या डोक्यात इमारती होत्या. मी खडूने आखते, त्या पाचजणी शिवतात. निमूट शिवतात असं समजू नकोस. रेडिओचा मनोरा आखला तर नंदा म्हणाली, "आवं बाई, हे तर उपडं टोपलं ठिवलंय!" दंडगोलाच्या घराला त्या मधाचं पोळं म्हणतात. आता मीही तेच म्हणते.

तुझी
मावशी


सेरंगून
२७ एप्रिल २०१४

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी हुई लेंगला इंग्रजीत वाचून दाखवलं. ती रडली. मग आम्ही दोघी कोपीटिअममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या उपाहारगृहात, जाऊन बसलो आणि ठरवूनच उठलो.

पाया लेबारला आमच्या बँकेच्या इमारतीत तळमजल्यावर मोठा हॉल आहे. वर्षातून दोनदा तिथे आशियातल्या नव्या कलाकारांचं प्रदर्शन भरतं. मी त्या समितीवर आहे, पुढच्या वर्षी प्रमुखही होईन असं दिसतंय. मावशी, तुमच्या सगळ्या गोधड्या मला पाठव. कुरियरचं मी बघते. मॉस्कोच्या इमारती सोलापूरच्या कापडात, आणि त्या बघणार सिंगापूरची माणसं! जगात कुठेही असं काही झालेलं नाही.

आणखी एक. तुझं उपडं टोपलं मॉस्कोत उतरवून ठेवायचं म्हणतायत. गंजलं आहे म्हणे. जगभरचे आर्किटेक्ट विरोध करतायत. कात्रण सोबत पाठवते आहे. म्हणून तर तुमच्या गोधड्या आत्ताच लोकांना दिसायला हव्यात.

वाट बघते.

वल्लरी


सोलापूर
२० मे २०१४

वल्लरी,

सगळ्या गोधड्या मागवल्यास. त्या कुठे आहेत माहीत आहे का? शिवणाऱ्या पाचजणींच्या घरी. मधाचं पोळं राजव्वाच्या नातवाच्या पाळण्यात आहे. मनोरा पद्माच्या सासऱ्यांच्या अंगावर आहे, त्यांना दम्याने थंडी सोसत नाही. एक मुमताजच्या मुलीबरोबर लग्नात विजापूरला गेली. एक शालनच्या जावयाच्या टेंपोत सीटवर अंथरली आहे, तिच्यावर डिझेलचे डाग आहेत. पाळण्यातून आणि आजाऱ्याच्या अंगावरून काढून मी ती तुमच्या काचेच्या हॉलला पाठवू?

तू वस्तू जमवतेस. जमव. पण तुझ्या शेल्फवरच्या रांजणात पाणी असतं का, टोपलीत भाजी असते का, हे मला एकदा कळव. आम्ही पांघरायला शिवतो. तुझी गोधडीसुद्धा पांघरायला पाठवली होती.

मनोऱ्याचं कात्रण वाचलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मावशी


सेरंगून
१४ जून २०१४

प्रिय मावशी,

तुझं पत्र डब्यासारखं पर्समध्ये घेऊन फिरते आहे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, काढून वाचते आणि रागावते. आता उत्तर लिहिते.

रांजणात पाणी नाही. टोपलीत चाव्या असतात. पण ज्याच्याकडून घेते त्याचं नाव, गाव, तो कसं करतो ते सगळं मी लिहून ठेवते. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो आणि मी सांगते. बालीच्या त्या कुंभाराकडे आता माझ्या ओळखीची माणसं जातात, त्याचा मुलगा शहरातली नोकरी सोडून परत भट्टीवर बसला. मी वस्तू नाही जमवत, मावशी. माणसं हरवू नयेत म्हणून धडपडते.

पांघरलेली गोधडी विरून जाणार. जाऊ दे, ती त्यासाठीच आहे. पण मग सोलापुरात सहाजणींनी हे केलं होतं हे कोणाला कळणार? तुझ्या मॉस्कोच्या माणसांनीही बांधलं नसतं, नुसतं मनात ठेवलं असतं, तर तू त्या बर्फात काय बघितलं असतंस?

जुनी एकही पाठवू नका. बघण्यासाठी म्हणून एक नवी करा. मोठी. बाकीच्या पाचजणींना विचार. त्या नाही म्हणाल्या तर मी परत हा विषय काढणार नाही.

तुझी
वल्लरी


सोलापूर
७ सप्टेंबर २०१४

चि. वल्लरी,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर शिवत होते.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. वाद झाला. राजव्वा म्हणाली, बघायला गोधडी कशाला, सिनेमा आहे की. मुमताज म्हणाली, आपलं नाव परदेशात लागत असेल तर मी डोळे जाईपर्यंत शिवीन. मग मी विचारलं, कुठली इमारत घ्यायची? नंदाने सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "समद्या दुसऱ्याच्याच शिवल्या आपण. बाई, तुमची कंची?"

मग सांगितलं. मी ७७ साली गिरणी कामगारांसाठी एक सभागृह काढलं होतं. वर वाचनालय आणि नाटकाची खोली, रस्त्यावर पुढे झेपावलेली; खाली खांब नाहीत, नुसती सावली, पाळी बदलायची वाट बघणाऱ्यांना बसायला. साहेबांनी नकाशावर लाल पेन्सिलीने फुली मारली. म्हणाले, "बाई, हे सोलापूर आहे." ते उभं कसं राहील, हेसुद्धा विचारलं नाही.

नंदाचा नवरा एकवीस वर्षं लक्ष्मी गिरणीत होता, पाळी बदलताना उन्हात उभा राहायचा. ती म्हणाली, "आखा."

दुसऱ्या दिवशी आखलं. दोन पलंगांएवढी मोठी आहे. झेपावलेली खोली मरून, सावली गडद निळी. निळ्यावर धावदोरा इतका दाट घातलाय की हात फिरवला तर खरोखर गार वाटतं.

मनोऱ्याचं कळलं का? मॉस्कोच्या लोकांनी मत दिलं, तो जागेवरच राहणार. पेढे वाटले. चाळीत कोणाला कशाचे ते कळलं नाही, पण सगळ्यांनी खाल्ले.

माझी एकच अट आहे. सहा नावं लागतील. नंदा शिवशरण, राजव्वा, पद्मा, शालन, मुमताज, आणि मी. सारख्या अक्षरात, सारख्या आकाराची. 'स्थानिक महिलांच्या मदतीने' असं लिहिलेलं दिसलं तर गोधडी परत मागवीन.

मावशी


सेरंगून
३० नोव्हेंबर २०१४

प्रिय मावशी,

गोधडी सुखरूप पोचली. उलगडली तेव्हा अनीश खाली बसला आणि बराच वेळ निळ्या भागावर हात ठेवून होता.

प्रदर्शन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. जागा मात्र बदलली आहे. आधीच्यापेक्षा मोठी आहे, चारी बाजूंनी मोकळी, हवा छान असते, सगळ्यांना येता येईल. नावं सहाही आहेत, सारख्या आकाराची, मराठीत आणि इंग्रजीत. मी स्वतः मोजूनमापून लावली.

तुझं आणि नंदाताईंचं तिकीट काढलं आहे. नंदाताईंचा पासपोर्ट झाला ना? स्वेटर आणू नका, इथे लागत नाही. विमानात मात्र शाल हवी.

बाकी सगळं ठीक.

तुझी
वल्लरी


सोलापूर
१५ फेब्रुवारी २०१५

चि. वल्लरी,

सुखरूप पोचलो. नंदा विमानतळापासून बोलते आहे ती अजून थांबलेली नाही. समोर होतीस तेव्हा ऐकू येत नाही म्हणून मीही गप्प राहिले आणि तू तर काही सांगायलाच तयार नव्हतीस. म्हणून आता लिहिते.

'जागा बदलली, मोठी आहे' असं तू लिहिलंस तेव्हा मला वाटलं, एखादं मोठं संग्रहालय मिळालं. नंदाला मी नवी साडी घ्यायला लावली. आणि त्या सकाळी लिफ्टने खाली उतरून तू आम्हाला थेट तुमच्याच बिल्डिंगखाली घेऊन गेलीस. कपडे वाळत घालायच्या बांबूंवर दोन खांबांच्या मधे आमची गोधडी. पलीकडे म्हातारी माणसं सोंगट्या खेळतायत, एक मुलगी सायकल फिरवते आहे. तू माझ्याकडे बघत होतीस, आता मावशी काय म्हणते म्हणून. चेहरा कसा झाला होता तुझा!

अगं वेडे, मी तेव्हा काय बघत होते सांगू? वर माणसांची घरं, खाली नुसती सावली. कोणाची मालकी नाही, कोणालाही बसता येतं. लग्न लागतं, मयताला माणसं जमतात, पोरं अभ्यास करतात, असं तूच नंतर सांगितलंस. व्हॉइड डेक म्हणता तुम्ही त्याला. मॉस्कोत ज्यासाठी एवढा जीव ओतला होता, सोलापुरात ज्यावर फुली पडली, ते तुमच्या इथे रोजच्या वापरात आहे, आणि लोकांना त्याचं काही वाटतसुद्धा नाही.

तू बँकेत होतीस तेव्हा मंगळवारी दुपारी काय झालं ते तुला माहीत नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्या मलय आजी नंदाशेजारी येऊन बसल्या. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आजींनी पिशवीतून आपल्या नातवासाठी शिवत आणलेलं ठिगळांचं पांघरूण काढलं. नंदाने टाका बघितला, आपला दाखवला, आणि दोघी तिन्हीसांजेपर्यंत शिवत बसल्या.

मग एक चिनी आजोबा आले. हुई लेंगने मला कागदावर लिहून सांगितलं, की त्यांनी तरुणपणी अशाच बिल्डिंगांवर गवंडीकाम केलं आहे. ते कितीतरी वेळ झेपावलेल्या मरून खोलीकडे बघत राहिले. मग हुई लेंगमार्फत त्यांनी विचारलं, "खाली खांब नाही. हे उभं कसं राहतं?"

वल्लरी, ३८ वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी हुई लेंगच्या हातातला कागद घेतला आणि मागच्या भिंतीचं वजन, तुळया, आतली जिन्याची बाजू, सगळं काढून दाखवलं. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "कॅन. कॅन." एवढं मला ऐकू आलं, आणि कळलंही: जमेल.

तेव्हाच हुई लेंगने दुसरंही लिहून सांगितलं. बँकेने पोस्टरवर 'मॉस्कोत शिकलेल्या वास्तुकार सुलेखा' एवढंच, माझं एकटीचं नाव छापलं होतं. तुझ्या वरिष्ठांचं म्हणणं, एक नाव लक्षात राहतं, सहा कोणी वाचत नाही. तू भर बैठकीत गोधडीची घडी घालून बाहेर पडलीस. समितीचं प्रमुखपद दुसऱ्या कोणाला मिळालं. हे तू मला कळवलं नाहीस, 'हवा छान असते' एवढं मात्र कळवलंस.

मे महिन्यात मी तुला जमवणारी म्हणाले होते. ते पत्र फाडून टाक. मी नंदाला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आपली पोरगी हाय ती." मला त्यात भर घालायची नाही.

मावशी


सेरंगून
२२ मार्च २०१५

प्रिय मावशी,

पत्र फाडणार नाही. दोन्ही एकत्र ठेवली आहेत.

बँकेचं हुई लेंगने सांगायला नको होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच. लिहिलं नाही, कारण तुम्ही दोघी यायच्याच नाहीत अशी भीती वाटली.

आता तुम्हाला विचारायचं आहे. आमच्या ब्लॉकच्या रेसिडेंट्स कमिटीचे मिस्टर ओंग घरी आले होते. खालच्या कमिटी रूममध्ये गोधडी कायमची लावायची त्यांची इच्छा आहे. तिथे योगासनं होतात, कॅरम चालतो, मुलांच्या शिकवण्या असतात. मी लगेच हो म्हणाले नाही, कारण मावशी, ती मला हवी आहे. आजवर जे जे घेतलं त्यातलं काहीच मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं. घरातल्या हॉलमधली जागासुद्धा ठरवून ठेवली होती. संग्रहालयातूनही एका बाईंचा फोन आला, त्यांना बघायची आहे.

पण गोधडी तुमची सहाजणींची आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे राहिली तर मी जिवापाड जपीन. खाली गेली तर रोज ऑफिसातून येताना बघीन. दोन्हीत मला आनंदच आहे. एकात थोडा कमी, कुठल्या ते सांगत नाही.

तुझी
वल्लरी


सोलापूर
१९ एप्रिल २०१५

चि. वल्लरी,

काल दुपारी सगळ्या जमलो. तुझं पत्र वाचलं. 'ती मला हवी आहे' हे वाक्य शालनने परत वाचायला लावलं.

निर्णय असा. गोधडी खाली कमिटीच्या खोलीत जाईल. काच लावायची नाही. कोणाला हात लावावासा वाटला तर लावू द्यायचा. नावांची पाटी शेजारी. विरली तर आम्ही पुन्हा शिवू, आणि आम्ही नसलो तर ज्याला येईल त्याने शिवावी. संग्रहालयाच्या बाईंना म्हणावं, खाली येऊन बघा, चप्पल काढून.

राजव्वा म्हणाली, पोरीला वाईट वाटंल. नंदा म्हणाली, वाटू दे, पण ती खाली उतरून लोकांना सांगत बसंल बघा, ही आमची म्हणून. मला वाटतं, ती तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

आज सकाळी त्या नवं कापड जोडून घेऊन आल्या. मी सवयीने खडू काढला. कुठली इमारत घ्यायची म्हणून विचार करत होते, तर नंदा म्हणाली, "ह्या वक्ताला मी बघितलेली घेऊ. तुमचीच बघून दमले." आणि माझ्या हातातून खडू घेतला.

गुडघ्यावर बसून तिने आधी खालच्या कडेला खांब काढले, तुमच्या बिल्डिंगचे. सरळ नव्हते. एक तर स्पष्ट कललेला होता. मग वर मजले, मजल्यांवर बांबू, बांबूंवर कपडे. खांबांच्या मधली जागा मोकळी सोडली. पद्मा म्हणाली, तिथं कायतरी घाल की. नंदा म्हणाली, "न्हाय. तितं माणसं बसतात."

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा तपासल्या. आज बाजूला बसून बघत राहिले. एकदाही 'सरळ मार' म्हणाले नाही. आखून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, उभं राहील का?"

मी म्हटलं, "राहील."

मावशी